चिठ्ठीवरचे ‘वाइल्ड’ आणि रानातला बेट्टा

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात म्हापशातील एका शोभिवंत माशांच्या दुकानात गेलो असता, फळीवर ओळीने मांडलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांपैकी एकावर ‘वाइल्ड बेट्टा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. पेला उचलून उजेडात धरला. आत दीड-दोन इंचांचा एक नर होता. त्याच्या अंगावर निळसर-हिरव्या चकाकीची जाळी विणल्यासारखी दिसत होती आणि तीच जाळी परांच्या टोकापर्यंत गेलेली होती. हौशी मत्स्यपालकांमध्ये या प्रकाराला ‘एलियन’ म्हणतात. वेगवेगळ्या रानटी प्रजातींचा आपापसांत संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत माणसाने तो घडवलेला आहे. दुकानदाराने सरळपणे सांगितले की मासा परराज्यातील घाऊक व्यापाऱ्याकडून आला आहे आणि चिठ्ठीही तिकडचीच आहे. त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र संकर करून तयार केलेल्या माशावर ‘रानटी’ असा शिक्का बसणे ही वरवर वाटते तितकी किरकोळ बाब नाही, आणि तीच बाब आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांसमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे ‘फायटर’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेकांनी पाहिलेला असतो. लांब झुलणारे पर, लालभडक किंवा गर्द निळा रंग, आणि आरसा दाखवला की कल्ले फुगवून अंगावर येण्याचा आवेश. या माशाचे मूळ थायलंडात आहे. तिथे त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावरा मासा, म्हणतात आणि 2019 साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेन्डेन्स. रानातला स्प्लेन्डेन्स मात्र पेल्यातल्या माशासारखा मुळीच दिसत नाही. तो आखूड परांचा आणि मातकट-तपकिरी रंगाचा असतो. भातशेतीच्या कडेच्या उथळ, गवताळ पाण्यात राहतो आणि नेहमीच्या अवस्थेत सहज नजरेसही पडत नाही. दुसरा नर समोर आला किंवा मादीला बोलवायचे असले म्हणजेच त्याच्या अंगावर हिरवी-निळी झळाळी उमटते. कल्ल्यांजवळच्या एका खास अवयवामुळे त्याला पाण्याबाहेरची हवा घेता येते, म्हणून साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी एकेक करून तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत पहारा करतो.

पुष्कळांना ठाऊक नसते ते हे की बेट्टा म्हणजे एक मासा नव्हे. या कुळीत सत्तरांहून अधिक प्रजाती आहेत आणि त्या आग्नेय आशियात थायलंडपासून बोर्निओपर्यंत विखुरलेल्या आहेत. त्यांतील काही स्प्लेन्डेन्सच्या अगदी जवळच्या नात्यातल्या आहेत. दक्षिण थायलंड आणि मलाया द्वीपकल्पातला इम्बेलिस, ईशान्य थायलंडातला पाचूसारखा स्मॅराग्डिना, कंबोडियातला स्टिक्टोस, पूर्व थायलंडातला सियामोरिएंटालिस आणि बँकॉकजवळच्या समुत साखोन परिसरातला महाचाएन्सिस. यांतील शेवटच्या दोघांचे शास्त्रीय वर्णन तर 2012 साली, म्हणजे अगदी काल-परवा, प्रसिद्ध झाले. महाचाएन्सिसविषयी मला विशेष ममत्व वाटते, कारण त्याचे घर आपल्या खाजनांची, म्हणजे भरतीच्या पाण्यालगत बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींची, आठवण करून देणारे आहे. भरतीचे पाणी जिथवर येते अशा मचूळ पाण्यात, निपा नावाच्या ताडवर्गीय झाडांच्या खाचांत आणि बुंध्यांत साचलेल्या पाण्यात तो राहतो. इतर भाऊबंद गोड्या पाण्यात रमलेले असताना याने खारे-मचूळ पाणी आपलेसे केले. हजारो वर्षांत अंगी बाणलेली ही क्षमता त्याच्या जनुकांत आहे. आज त्याच्या निपाच्या झाडीभोवती कारखाने, वसाहती आणि भराव यांचा वेढा पडलेला आहे.

अधिवास नष्ट होणे हे संकट सर्वांना दिसते, कारण झाडी तोडलेली आणि पाणी बुजवलेले डोळ्यांना दिसते. संकराचे संकट दिसत नाही. मासे तितकेच असतात, कदाचित पूर्वीपेक्षा जास्तच. पाण्यात हालचाल असते, घरटी असतात, पिल्ले असतात. हरवलेली असते ती त्या माशाची ओळख.

हे घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वर उल्लेखलेल्या प्रजाती एकमेकींपासून दूर, आपापल्या पाणथळींत वाढल्या, म्हणून वेगळ्या राहिल्या. त्यांच्यातला अडसर मुख्यतः अंतराचा होता. टाकीत एकत्र आणल्या की त्यांची जोडी जमते, पिल्ले होतात आणि ती पिल्लेही पुढे प्रजननक्षम असतात. घोडा आणि गाढव यांच्या खेचराप्रमाणे तिथेच गोष्ट थांबत नाही. लढाऊ किंवा शोभेच्या जातीचा फायटर एखाद्या शेताच्या कालव्यात सुटला, किंवा नकोसा झाला म्हणून कुणी सोडला, आणि त्याची तिथल्या रानटी मादीशी जोडी जमली, तर पहिल्या पिढीत निम्मी जनुके पाळीव माशाची असतात. त्या पिल्लांची पुन्हा रानटी माशांशी जोडी जमली की पाळीव वाटा चौथा हिस्सा, मग आठवा, मग सोळावा, आणि पाचव्या पिढीत बत्तिसावा, म्हणजे सुमारे तीन टक्के उरतो. त्या पिढीतला मासा रंगाने, आकाराने, परांनी संपूर्ण रानटी दिसतो. त्याच्याकडे पाहून कोणताही जाणकार छातीठोकपणे सांगू शकणार नाही की याच्यात परके काही आहे. आणि हा शिरकाव एकदाच होऊन थांबत नाही. दर पावसाळ्यात नवे मासे सुटत राहिले तर वाटा घटण्याऐवजी वाढत जातो.

ही नुसती शंका नव्हे. 2022 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जवळच्या नात्यातील पाच प्रजातींच्या 98 माशांचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. शोभेचे बेट्टा आणि इतर रानटी प्रजाती यांच्यात दोन्ही दिशांनी संकर झाल्याचे पुरावे त्यात मिळाले. शोभेच्या माशांत रानटी प्रजातींचे अंश सापडणे अपेक्षितच होते, कारण पैदासकार नव्या रंगांसाठी असे संकर उघडपणे करतात. काळजी वाटावी अशी बाब म्हणजे उलट दिशेचा प्रवाह, टाकीतून रानाकडे जाणारा.

पाळीव फायटर हा अनेक शतके माणसाने झुंजीसाठी आणि नंतर रूपासाठी निवडलेला मासा आहे. त्याचा तापटपणा, त्याचे रंग, त्याचे पर हे सगळे माणसाच्या हातचे अन्न आणि माणसाचे संरक्षण गृहीत धरून घडलेले आहे. बगळ्याच्या नजरेतून सुटण्यासाठी मातकट रंग हवा असतो, तिथे चकाकी काय कामाची? भरती-ओहोटीच्या पाण्यात जगण्यासाठी लागणारा गुण गोड्या पाण्यातल्या माशाच्या जनुकांत नसतो. अशी सरमिसळ होत राहिली तर दिसायला मासा तोच राहील, पण ज्या जागेसाठी तो घडला त्या जागेत टिकण्याचे त्याचे बळ हळूहळू कमी होईल.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण ती न सांगता इतरांना शहाणपण शिकवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी परराज्यातील एका पैदासकाराकडून इम्बेलिसची एक जोडी मागवली. परसातल्या बदामाची वाळकी पाने टाकून पाणी चहासारखे तांबूस केले, वर जलकुंभीची दोन रोपे सोडली आणि टाकी खिडकीपासून जरा बाजूला ठेवली. नर सुरेख होता. शेपटीच्या कडेला चंद्रकोरीसारखी लाल किनार, कल्ल्यांच्या झाकणावर हिरवट-निळी झाक. जोडी जमण्यापूर्वीच मादी दगावली. तेव्हा मला दुसरी इम्बेलिस मादी शोधण्याइतकाही धीर धरवला नाही. बाजारातून साधी, आखूड परांची फायटर मादी आणली आणि त्याच टाकीत सोडली. चार दिवसांत घरटे बांधले गेले आणि महिन्याभरात साठ-सत्तर पिल्ले हाताशी आली. तीन-चार महिन्यांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या कल्ल्यांवर दोन उभे लालसर पट्टे उमटू लागले, जे स्प्लेन्डेन्सचे लक्षण आहे. काही मात्र हुबेहूब बापावर गेली होती, शेपटीची लाल चंद्रकोरदेखील तशीच. मला त्या वेळी त्याचा आनंदच झाला. सहा जणांना मी पिल्ले वाटली. ‘अर्धी इम्बेलिस आहेत’ असे तोंडी सांगितले असेन, लिहून मात्र काहीच दिले नाही. वर्षभराने मत्स्यपालकांच्या एका गटात एका माशाचे छायाचित्र विक्रीसाठी आले, त्याखाली ‘वाइल्ड इम्बेलिस, जोडी’ असे लिहिलेले होते. नराच्या पाठीवरच्या पराला बालपणी पडलेली खाच मी ओळखली. तो माझ्याच टाकीतला होता. विकणाऱ्याने त्याला तो ज्या नावाने मिळाला त्याच नावाने पुढे दिला होता. ‘अर्धी’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

मासा खोटा नव्हता, त्याची नोंद हरवली होती. आणि नोंद हरवली की सुधारण्याचा मार्ग उरत नाही.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. मानकुराद आंब्याची कोय पेरली तर मानकुरादच येईल याची खात्री कोणी देत नाही, म्हणून आपण कलम बांधतो आणि कलमी झाड कोणाच्या परसातल्या झाडावरून घेतले हे तिसऱ्या पिढीपर्यंत लक्षात ठेवतो. खाजनातला कोरगूट भात पिकवणारा शेतकरी बियाण्यासाठी लोंब्या निवडताना वेगळ्या दिसणाऱ्या रोपांना बाजूला काढतो, कारण खाऱ्या पाण्यात उभे राहण्याचा गुण भेसळीत पातळ होतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. वाण राखणे म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांना कळत होते. माशाला कलम करता येत नाही, एवढाच फरक आहे. त्याचे वाण फक्त जोडी निवडण्यातून आणि लिहून ठेवण्यातून राखले जाते.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. बेट्टा हा काही आपला मासा नाही, तो थायलंडच्या रानात टिकतो की संपतो याच्याशी गोव्यातल्या एका टाकीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला असा की ज्या प्रजातींच्या पाणथळी झपाट्याने आटत आहेत त्यांच्यासाठी जगभरातल्या हौशी पालकांकडच्या टाक्या या एक प्रकारची राखीव शिल्लक आहेत. मलेशिया आणि इंडोनेशियातील काळ्या, आम्लधर्मी पाण्याच्या दलदलींत राहणाऱ्या छोट्या तांबड्या बेट्टांची स्थिती अशीच आहे. तिथल्या दलदली उपसून तेलताडाची लागवड झाली आहे आणि काही प्रजातींचा पसारा मुळातच एखाद-दुसऱ्या दलदलीपुरता होता. त्यांतल्या कित्येकींच्या माद्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की कोणती कुठून आणली याची नोंद नसेल तर त्या टाकीत सहज मिसळल्या जातात. उद्या एखादी दलदल पुन्हा जिवंत झाली आणि तिथे मासे परत सोडायचे ठरले, तर शास्त्रज्ञ पहिला प्रश्न विचारतील तो मूळ ठिकाणाचा. ‘वाइल्ड’ एवढीच चिठ्ठी असलेला मासा त्या वेळी कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही. उलट तो सोडला तर नुकसान करील.

दुसरा संबंध आपल्या स्वतःच्या पाण्याशी आहे. संकर आणि सोडून दिलेले मासे यांनी काय होते याचे उदाहरण याच थायलंडात, दुसऱ्या माशाच्या बाबतीत घडले आहे. तिथे स्थानिक मागूर आणि आफ्रिकन मागूर यांचा संकर लवकर वाढतो म्हणून मोठ्या प्रमाणावर पाळला गेला, आणि पुढे स्थानिक मागुराच्या वन्य समूहांत आफ्रिकन माशाची जनुके सापडली. आपल्याकडे आफ्रिकन मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरीही ‘थाई मागूर’ या नावाने तो चोरून पाळला जात असल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. फायटरपुरते बोलायचे तर, तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील ॲडलेड नदीच्या पूरमैदानात सुटून तिथे कायमचा रुजलेला आहे. गोव्याचे हवामान आणि पाणी त्याला मानवणारे नाही असे म्हणण्यास मला तरी कोणताही आधार दिसत नाही. आपल्या पाण्यात बेट्टा कुळातला मासा नाही, त्यामुळे इथे त्याचा कोणाशी संकर होण्याची भीती नाही. परंतु भातखाचरांत, पोयींत आणि तळ्यांत त्याच उथळ, गवताळ जागांवर जगणारे आपले लहान मासे आहेत, आणि त्यांच्या अन्नावर व जागेवर एक भांडखोर पाहुणा आणून बसवण्याचे काहीच कारण नाही. डासांच्या अळ्या खाईल म्हणून फायटर विहिरीत सोडण्याचा सल्ला देणारे लोक मला डिचोली तालुक्यातच भेटले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात विहीर तुडुंब भरते, पाणी काठावरून वाहते आणि मासा ओहोळात जातो. तिथून मानशीपर्यंतचे, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंतचे, अंतर किती असते ते आपण सगळे जाणतो.

काही जाणकार असेही म्हणतील की एकाच जोडीची पिल्ले आपापसांत वाढवत राहिली तर ती दुबळी होतात, त्यापेक्षा थोडा बाहेरचा अंश बरा. या म्हणण्यात तथ्य आहे. फ्लोरिडातील प्यूमांची संख्या घटून त्यांच्यात जवळच्या नात्यातील प्रजननाचे दोष दिसू लागले, तेव्हा 1995 साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडण्यात आल्या आणि तो समूह सावरला. पण त्या एकाच प्रजातीच्या होत्या, विचारपूर्वक निवडलेल्या होत्या, आणि पुढे काय झाले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. घाईने बाजारातली मादी आणून टाकीत सोडणे आणि हे, यांची तुलना होऊ शकत नाही. दुबळेपणा टाळायचा असेल तर त्याच ठिकाणच्या वाणाचे मासे असलेल्या दुसऱ्या पालकाशी देवाणघेवाण करावी. त्यासाठी पुन्हा नोंदच लागते.

मी संकरित फायटरांच्या विरोधात नाही. अर्धचंद्राकार शेपटीचे, मुकुटासारख्या परांचे, मोठ्या चणीचे असे जे प्रकार पैदासकारांनी घडवले त्यामागे अनेकांचे कष्ट आणि दृष्टी आहे. ते आपल्या नावाने विकले जावेत, पाळले जावेत, त्यांची प्रदर्शने भरावीत. त्यांना रानटी म्हणू नये आणि रानटी वाणात मिसळू नये, एवढेच मागणे आहे.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून 2020 पासून परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाला अर्थसाहाय्य मिळते. गोव्यातही तरुण मुले आणि महिलांचे स्वयंसाहाय्य गट या व्यवसायाकडे वळावेत अशी अपेक्षा आहे आणि ती योग्यच आहे. या प्रशिक्षणात पाण्याचा सामू, खाद्य आणि रोग यांबरोबर एक तास वाण आणि नोंदीसाठी द्यावा, अशी माझी मत्स्योद्योग खात्याला विनंती आहे. विक्रीच्या पेल्यावर तीन गोष्टी लिहिणे अवघड नाही. प्रजातीचे नाव, मूळ ठिकाण ठाऊक असल्यास ते, आणि संकर असल्यास ‘संकर’ हा शब्द. ठिकाण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहावे, तेही चालेल. अंदाजाने लिहिलेले नाव मात्र चालत नाही. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी आपल्या तळ्या-झरींतील माशांच्या नोंदी करताना बाहेरून आलेला शोभेचा मासा दिसला तर तोही टिपून ठेवावा. नकोसे झालेले मासे दुकानदारांनी परत घ्यावेत, म्हणजे ते ओहोळात जाणार नाहीत. म्हापसा, मडगाव आणि फोंडा येथील काही दुकानदारांशी मी याविषयी बोललो. दोघांनी लगेच तयारी दाखवली, हे इथे आवर्जून नमूद करतो.

माझ्याकडे आता एक वही आहे. प्रत्येक टाकीला क्रमांक, प्रत्येक जोडीची तारीख, मासे कोणाकडून आले आणि पिल्ले कोणाला दिली, असे तिच्यात लिहिलेले असते. त्या जुन्या साठ-सत्तर पिल्लांची नोंद तिच्यात नाही, म्हणून गेल्या वर्षभरात मी सहाही घरी जाऊन चौकशी केली. चार ठिकाणी मासे मेलेले होते किंवा पुढे न वाढवता ठेवलेले होते. उरलेल्या दोघांनी पिल्ले पुढे दिली, ती साखळी आणि पेडणे परिसरात गेली, आणि तिथून पुढचा माग मला लागलेला नाही. शेपटीला लाल चंद्रकोर आणि कल्ल्यावर अंधूक लालसर पट्टे असलेले, ‘इम्बेलिस’ म्हणून मिळालेले मासे या दोन भागांत कोणाकडे असतील तर ते त्यांनी आनंदाने पाळावेत, परंतु रानटी वाण म्हणून पुढे देऊ नयेत आणि इतर इम्बेलिसशी त्यांची जोडी लावू नये. ते अर्धे इम्बेलिस आणि अर्धे बाजारातले फायटर आहेत.

आपला विश्वासू,
एक हौशी मत्स्यपालक,
डिचोली, गोवा